कुत्र्याच्या पिल्लाचे मोल : जातीचे की जोपासनेचे?

राजुरी हे जुन्नर तालुक्यातील गाव. आळेफाट्याहून बेल्ह्याकडे निघाले की वाटेत लागते. ऊस, कांदा आणि दूध या तिहींच्या जोरावर येथील घरे उभी आहेत. आणि या तिहींच्या भावाने पाठ फिरविली तेव्हा येथील घरांनी सोसलेही पुष्कळ आहे. अशा गावात व त्याच्या भोवतालच्या वस्त्यांवर सांप्रत एक नवाच खर्च शिरला आहे. तो म्हणजे विलायती जातीच्या कुत्र्याचे पिल्लू. लॅब्रेडोर म्हणा, जर्मन शेफर्ड म्हणा, रॉटवायलर म्हणा. मोबाईलवर चित्र पाहावयाचे, पैसे पाठवावयाचे आणि शहरातून खोक्यात घालून पिल्लू घरी आणावयाचे. मोल विचारावे तर दहा हजार ऐकू येतात, वीस-पंचवीस हजारही ऐकू येतात. सांगणारे सांगतात आणि देणारे देतात. एवढे मोल रास्त आहे काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, कांद्याचे, दुधाचे, विजेचे प्रश्न उशाशी पडले असता या पत्राने कुत्र्यावर रकाने का खर्ची घालावेत? आमचे उत्तर असे की, शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरातून पैसा ज्या ज्या दारांनी बाहेर जातो, ते प्रत्येक दार आम्हाला पाहिलेच पाहिजे. कर्जाचे दार मोठे, म्हणून ते सर्वांना दिसते. हौसेचे दार लहान असते, पण ते रात्रंदिवस उघडे असते. शिवाय हा निव्वळ हौसेचा प्रश्न असता तर आम्ही तो सोडून दिला असता. तो जिवाच्या भीतीचाही आहे.

कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही पाच धरणे झाली, कालवे आले आणि जिथे बाजरी-मटकी होत होती त्या रानात ऊस उभा राहिला. पाण्यामागे माणूस गेला. गावठाण सोडून मळ्यात घरे बांधून राहू लागला. उसाबरोबर बिबट्याही आला. वर्ष-दीड वर्ष न हलणारे पीक, आत दाट सावली, शेजारी पाणी. बिबट्याच्या मादीला विण्यासाठी याहून चांगली जागा कोणती? २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, ते जुन्या माणसांच्या ध्यानात आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याने सुमारे तीन आठवड्यांत तीन माणसे मारली. त्यांत दोन लेकरे होती. असे असता पहाटेच्या अंधारात धार काढावयास गोठ्याकडे जाणाऱ्या बाईला, दारात भुंकणारे कोणीतरी असावे असे वाटले, तर तिला हौशी कोण म्हणेल? भीती खरी आहे. पण भीती जितकी खरी तितकाच तिच्यावर जगणारा बाजारही तेजीत असतो. म्हणून ज्याला भीती वाटते त्याने मोल देताना दुप्पट सावध असले पाहिजे.

आता प्रथम विकणाराची बाजू ऐकू. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निवाडा करू नये.

प्रामाणिक माणूस कुत्री पाळून पिल्ले विकतो तेव्हा त्याला काय पडते? कुत्री दोन वर्षांची होईपर्यंत ती काहीच देत नाही. तिला नुसते पोसावे लागते. तिला लसी, जंताचे औषध, वैद्याची तपासणी. मग चांगला नर शोधून त्याच्या मालकाला पैसे. गाभण राहिल्यावर ६३ दिवसांच्या आसपास ती विते. अडली तर पोट फाडून पिल्ले काढावी लागतात आणि तो खर्च वेगळा. पिल्ले झाली की दोन-तीन आठवडे माणसाने रात्री उठून पाहावयाचे. आईच्या अंगाखाली एखादे चिरडते, एखादे थंडीने जाते. दोन आठवड्यांपासून जंताचे औषध. तीन-चार आठवड्यांनी पिल्लू चाटून खाऊ लागते, तेव्हा सहा-सात तोंडांचे खाणे. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची पहिली लस. मग कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप आणि नोंदणीचा कागद.

हिशेब समजावा म्हणून आकडे आम्ही नुसते धरून चालतो. या सगळ्याला साठ हजार लागले आणि सहा पिल्ले जगली, तर पिल्लामागे दहा हजार घरखर्चच झाला. त्यावर त्याने आपल्या श्रमाचे दोन-चार हजार घेतले तर त्याला लुटारू म्हणण्यास आमची जीभ धजणार नाही. आम्ही कष्टाचे मोल मागणारी माणसे. दुधाला खर्चाएवढा तरी भाव द्या म्हणून जो टाहो फोडतो, त्याने दुसऱ्याच्या जोपासनेचे मोल नाकारणे हा अन्याय होईल. तेव्हा पहिला निकाल असा की, मोल मोठे आहे एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही.

परंतु याच धंद्याला दुसरे तोंड आहे. तेथे कुत्री लोखंडी पिंजऱ्यात जन्म काढते. एक वेत संपते न संपते तोच दुसरे. लसीचे पैसे वाचविले, वैद्याचे वाचविले, आईच्या खुराकाचे वाचविले. पिल्लू महिन्याचे होते न होते तोच आईपासून तोडून विकले, म्हणजे पुढचा महिनाभर पोसणेही वाचले. असे पिल्लू गोंडस दिसते, कारण ते लहान असते. घरी आणल्यावर चार-सहा दिवसांत ते ओकू लागते, रक्ताचे जुलाब होतात, आणि घरातली पोरे रडत असता त्याला बांधाला पुरावे लागते. विकणाराकडे फोन करावा तर तो उचलीत नाही. येथे खर्च चौथाई झालेला असतो आणि मोल मात्र पहिल्याएवढेच घेतलेले असते. ही उघड लूट होय.

सरकारने याविषयी नियम केलेले नाहीत असे नाही. केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढले. पैदास करणाराने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. कुत्री दीड वर्षाची होण्यापूर्वी आणि आठ वर्षांची झाल्यानंतर तिच्याकडून पिल्ले घेता येत नाहीत. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही आणि सगळ्या जन्मात पाचांवर वेते नाहीत. विकलेल्या पिल्लास लस आणि चिप पाहिजे. नियम चांगले आहेत. पण नियमाची पोथी कपाटात राहिली तर उंदरांच्या कामाची. ती बाहेर काढणारा गिऱ्हाईकच असला पाहिजे. गिऱ्हाईकाने विचारलेच नाही, तर विकणारा आपण होऊन कशाला सांगेल?

आणि आमचा गिऱ्हाईक काय करतो? जो शेतकरी बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेताना त्याचे दात मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, चार माणसांना विचारतो आणि मग हाताला हात लावतो. जो गाय घेताना दोन वेळची धार स्वतः काढल्याशिवाय पैसे मोजीत नाही. जिची आजी कुंभाराच्या दारात मडके बोटाने वाजवून घेत असे ती बाई. हीच माणसे कुत्र्याचे पिल्लू घेताना नुसते चित्र पाहून वीस हजार पाठवितात! पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल ही म्हण आमच्याच वाडवडिलांनी केली, आणि आम्हीच ती विसरलो. बियाण्याच्या पिशवीला आपण पावती मागतो, लेबल मागतो, उगवण कमी झाली तर दुकानदारास जाब विचारतो. वीस हजारांच्या पिल्लाला पावती का नको?

हे असे का होते, याच्या मुळाशी गेले पाहिजे. मूळ एका शब्दात आहे, आणि तो शब्द आमच्या फार ओळखीचा आहे. तो शब्द म्हणजे 'जातिवंत'.

पिल्लू जातिवंत आहे, त्याच्या बापाचा, आज्याचा, पणज्याचा कागद आहे, असे म्हटले की शहाण्या माणसाची अक्कल गहाण पडते. जन्मावरून मोल ठरविण्याची ही रीत आम्ही माणसांमध्ये भोगलेली आहे. जन्माच्या कागदावर फुगलेला माणूस काय लायकीचा असतो आणि तो कागद नसलेला काय करून दाखवितो, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले त्यांनीच कुत्र्याच्या दारात त्याच कागदापुढे मान तुकवावी, यासारखे आश्चर्य नाही.

बरे, ही कुत्र्यांची कुळे तरी किती पुरातन आहेत? कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन इंग्लंडात न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले, आणि कुळांची वही राखणारा केनेल क्लब लंडनला १८७३ साली निघाला. म्हणजे हा सारा कुलाचार दीडशे वर्षांचा. त्यापूर्वी कुत्र्याचे नाव त्याच्या कामावरून असे. आणि ती कामे कोणाची होती? लॅब्रेडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या होड्यांवर राबत, थंड पाण्यात उड्या टाकून जाळी आणि सुटलेले मासे ओढीत. जर्मन शेफर्ड म्हणजे जर्मनीतल्या धनगरांचा कुत्रा. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मेंढ्या राखण्याच्या जातकुळीचा एक कुत्रा विकत घेतला आणि त्यालाच नव्या वहीत पहिला क्रमांक दिला; त्या दिवसापासून तो जातिवंत झाला! रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा आणि गुरे हाकणारांचा कुत्रा. हस्की हा सैबेरियातल्या बर्फावर घसरगाड्या ओढणारा कुत्रा. आणि त्याला आम्ही राजुरीच्या वैशाखात दाराशी बांधणार!

आता सांगा, ज्याला साहेबाचा कुत्रा म्हणून आपण डोक्यावर घेतो, तो मुळात साहेबाचा होता कधी? तो कोळ्याचा, धनगराचा आणि खाटकाचा कुत्रा होता. कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, राबवून, शिकवून तयार केला. श्रीमंतांनी तो उचलला, वहीत लिहिला आणि त्यावर मोल चढविले. आणि आज तेच मोल दुसऱ्या देशाच्या कष्टकऱ्याने का द्यावे? आपल्या स्वतःच्या धनगराच्या तांड्यामागे रात्रभर जागणारा कुत्रा मात्र त्याच्या तोंडी 'गावठी'!

गावकुत्र्याच्या वाट्याला ही अवहेलना कशी आली तेही ऐकून ठेवा. दक्षिणेकडे परई नावाचे वाद्य वाजविणारी परैयर ही अस्पृश्य मानली गेलेली जात. तिच्या नावावरून इंग्रजांनी 'पॅरिया' हा शब्द केला, त्याला बहिष्कृत असा अर्थ दिला आणि तोच शब्द हिंदुस्थानच्या गावकुत्र्याला चिकटविला. माणसांच्या एका समाजाचे नाव शिवी म्हणून जनावरास दिले गेले, आणि पुस्तकांतून ते बिनदिक्कत छापले गेले. एका शब्दात दोघांचा अपमान. तेव्हा 'गावठी' म्हणून नाक मुरडताना आपण कोणाचे नाक लावून मुरडतो, याचा विचार प्रत्येकाने करावा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. कोणी म्हणेल, वंशाला काहीच अर्थ नाही काय? मग खिलार बैलाला मोल का? संगमनेरी शेळीला मागणी का? गाय घेताना तिच्या आईचे दूध का विचारता? आक्षेप घेणाराचे आम्ही स्वागत करतो. वंशाला अर्थ आहे. परंतु कोणत्या वंशाला? ज्याने काम करून दाखविले त्या. गाईच्या आईचे दूध लिटरने मोजता येते. खिलाराचे चालणे रस्त्यावर दिसते. तसेच वासावरून चोर किंवा स्फोटके शोधणारा पोलिसांचा कुत्रा, आंधळ्याला रस्ता दाखविणारा लॅब्रेडोर, यांचे आईबाप कामावरून पारखलेले असतात आणि वर महिनोन्‌महिने शिकवण असते. त्यांचे मोल लाखात गेले तरी आम्ही ब्र काढणार नाही.

पण बाजारात येणाऱ्या पिल्लाच्या कागदावर काय असते? बापाचे नाव, आज्याचे नाव, जात आणि रंग. त्याचा बाप कधी एक रात्र जागला काय, हे त्या कागदावर नसते. रूप टिकावे म्हणून जवळच्या रक्तात पुन्हा पुन्हा जोड्या लावल्या गेल्याने त्यांच्यात रोगही वंशपरंपरेने आले. लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात कमरेचा सांधा खुब्यात नीट न बसण्याचा विकार पुष्कळ आढळतो; कुत्रा ऐन वयात लंगडू लागतो. चपट्या तोंडाच्या पगला धड श्वास घेता येत नाही. आईबापांच्या कमरेचा क्ष-किरणाचा फोटो काढून मगच जोडी लावणारे लोक आहेत, आणि त्यांनी त्याचे मोल घ्यावे. पण तो फोटो न काढता नुसता पणज्याचा कागद दाखविणाराला आम्ही एवढेच म्हणतो : नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आपल्या मुलखाच्या कुत्र्याला मान मिळूच शकत नाही असेही नाही. महाराष्ट्राच्या सीमेवरचे मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. तेथल्या रानात शेतकऱ्यांच्या घरी उंच, सडपातळ, वाऱ्यासारखे धावणारे कुत्रे असत. आपल्याकडे त्यांना कारवानी म्हणतात. राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची निगा राखली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची जोडी विलायतेच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला दिली. २००५ साली भारताच्या टपाल तिकिटावर हा कुत्रा आला. पुढे भारतीय सैन्याने २०१६ साली मुधोळची पिल्ले मेरठला नेऊन शिकविली. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी रेडिओवर देशी कुत्र्यांत त्याचे नाव घेतले. कुत्रा तोच, त्याचे पाय तेच. ज्या रानात तो कालपर्यंत सशामागे धावत होता ते रानही तेच. पण मोठ्यांच्या तोंडी नाव आले तेव्हा शहरातल्या माणसाला तो दिसू लागला. यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, आपले ते हलके हा समज खोटा आहे. दुसरी, जे नाव गाजते त्याच्याच मागे भेसळ आणि भाव चालून येतात. म्हणून देशी नावाच्या पिल्लाचीही पारख तशीच केली पाहिजे. शिवाय कारवानी धावण्याचा कुत्रा आहे. तो पाहून शिकार करतो. त्याला साखळीने बांधून राखणदार करणे म्हणजे शर्यतीच्या बैलाला मोटेला जुंपणे होय.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. राजुरीचा माणूस पिल्लू घेतो ते राखणीसाठी. वीस हजारांचा कुत्रा बिबट्यापासून राखण करील काय?

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेतील केस तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. मुलूख आपल्यासारखाच, उसाचा आणि वस्त्यांचा. त्यात असे आढळले की, बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा माणसाळलेल्या प्राण्यांचा, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा ११ टक्के. असे का? बिबट्याला शेळी आवडत नाही म्हणून नव्हे. शेळीला दिवसा राखणारे माणूस असते आणि रात्री ती कोंडलेली असते. कुत्रा मात्र रात्री उघड्यावर असतो. म्हणजे ज्याला आपण राखणदार म्हणून अंगणात बांधतो, तो बिबट्याच्या लेखी वाढून ठेवलेले ताट आहे. मोकळ्या कुत्र्याला निदान पळता तरी येते, घराच्या कोपऱ्यात तरी शिरता येते. बांधलेल्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. बिबट्या मान धरतो; त्याला मानेच्या कुळाचा कागद दिसत नाही. आणि कुत्र्याच्या मागावर तो दारापर्यंत येऊ लागला, म्हणजे ज्या लेकरांसाठी कुत्रा आणला त्यांच्याच जवळ तो आला.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे की, बिबट्याच्या मुलखात राखण कुत्र्याच्या जातीत नाही, ती कुत्र्याच्या घरात आहे. कुत्र्याचे काम भुंकून उठविण्याचे. ते काम आमचे गावचे कुत्रे, कान शाबूत असले तर, कोणत्याही विलायती कुत्र्याइतके करते. बिबट्याशी झुंजणे हे कोणत्याच कुत्र्याचे काम नव्हे. तेव्हा वीस हजार हाताशी असतील तर त्यांतून आधी वरूनही बंद असलेला जाळीचा मजबूत पिंजरा करावा आणि दिवेलागणीला कुत्रा त्यात घालावा. तो तेथूनही भुंकतो. मानेला खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालावा. गोठ्याला जाळी आणि दार, अंगणात दिवा, घराभोवती काही अंतर उसाशिवाय मोकळे. हे सर्व करून पैसे उरले तर मग पिल्लाच्या जातीची चर्चा करावी. गावातला लोहार आणि वेल्डिंगवाला हा पिंजरा करून देईल, आणि तो पैसा गावातच राहील.

पिल्लाचे मोल एकदाच द्यावयाचे असते; कुत्र्याचे मोल रोज द्यावे लागते, हेही ध्यानात घ्यावे. तीस किलोच्या लॅब्रेडोरला महिन्याला दहा किलोच्या आसपास कोरडे खाद्य लागते, आणि तो दहा-बारा वर्षे जगतो. वर्षाला लसी, जंताचे औषध, गोचिडाचे औषध. आजारी पडला तर वैद्य. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. ज्याच्याने हे झेपते त्याने अवश्य घ्यावा. कुत्र्याचा जीव लावून घेण्यासारखे सुख थोडे. पण ज्याच्या उसाचे बिल यायचे आहे आणि मुलीची फी भरायची आहे, त्याने हप्त्यावर पिल्लू घेणे म्हणजे ऋण काढून सण करणे. आणि पहिल्या वर्षाची हौस फिटल्यावर न परवडणारा कुत्रा रस्त्यावर सोडून देणे, हे तर पाप आहे. साखळीतून सुटलेल्या त्या जिवाला ना शिकार येते, ना उकिरडा ओळखीचा.

गावच्या कुत्र्याची स्तुती केली म्हणून कोणी त्याला तसाच वाऱ्यावर ठेवू नये. गावठी कुत्रा काटक असतो हे खरे. इथल्या उन्हात आणि भाकरीच्या तुकड्यावर जे जगले नाहीत त्यांचा वंश पुढे चाललाच नाही. पण पार्वो त्यालाही होतो, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा त्यालाही लागतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्यच, आणि ती टाळण्याची लस तर आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ती टोचावी आणि पुढे वैद्य सांगेल तशी दर वर्षी. गावात पिल्लू निवडताना नर उचलून माद्या उकिरड्यावर सोडण्याची चालही टाकून द्यावी. मादी राखणीत कमी नसते. मादी पाळावी आणि तिचे पिल्ले न होण्याचे ऑपरेशन करून घ्यावे; म्हणजे दर वर्षी पाच-सहा पिल्लांची भूक आणि मरण गावाच्या डोळ्यांपुढे येणार नाही, आणि बिबट्याला वस्तीकडे ओढणारे मोकाट खाद्यही कमी होईल. ज्या घरची कुत्री जागसूद म्हणून ओळखीची आहे, तिचे पिल्लू मागून आणावे. वंश पाहावयाचा तर तो असा पाहावा.

इतके सांगूनही ज्याला विलायती पिल्लू घ्यावयाचेच असेल, त्याला आमचा विरोध नाही. त्याने पैसे देण्यापूर्वी पाच गोष्टी मागाव्या. विकणाराच्या घरी जाऊन पिल्लाची आई पाहावी. आई दाखवीत नाही तेथून उठून यावे. पिल्लू आठ आठवड्यांचे आहे ना, हे दात पाहून ताडावे. त्या वयाला दुधाचे सारे दात आलेले असतात. लसीच्या पुस्तकावर पशुवैद्याची सही आणि शिक्का पाहावा. पैदाशीच्या नोंदणीचा क्रमांक विचारावा. आणि रकमेची पावती घ्यावी. या पाचांना जो हसत उत्तर देतो, त्याचे मोल थोडे जास्त असले तरी घासाघीस फार करू नये, कारण तो जोपासनेचे मोल मागतो आहे. जो चिडतो, तो जातीचे मोल मागतो आहे. त्याला एक रुपयाही देऊ नये.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आमचा निवाडा एवढाच आहे. पिल्लाच्या आईला ज्याने पोटभर घातले, ज्याने रात्री जागून पिल्ले जगविली, वैद्याचे पैसे भरले, त्याचे मोल रास्त आहे, मग ते दहा हजार असो की पंधरा. जन्माच्या कागदाचे मोल एक पैही रास्त नाही, मग तो कागद कोठल्याही भाषेत छापलेला असो. जोपासनेला दाम द्या आणि जन्माला नमस्कार करू नका. कुत्र्याच्या दारात हा नियम कळला, तर माणसाच्या दारात तो विसरण्याचे कारण उरणार नाही.